वारीलाही भिशी लागते

आषाढ लागायच्या दोन-तीन आठवडे आधीपासून माझा फोन जास्त वाजायला लागतो. मी तबल्याची साथ करतो. मोठ्या मैफलींत क्वचित, अभंगवाणी आणि भक्तिसंगीताच्या कार्यक्रमांत नेहमी. त्यामुळे आषाढी, कार्तिकी, गणपती, नवरात्र ही आमची सुगी. यंदाचा पहिला फोन एका सोसायटीच्या सांस्कृतिक मंडळाकडून आला.

“सर, एकादशीला संध्याकाळी आपल्याकडे अभंगांचा कार्यक्रम ठेवलाय. तुम्ही हवेच.”

“येतो की. किती वेळाचा आहे?”

“तीन तास धरा. फक्त एक आहे सर, हा देवाचा कार्यक्रम. त्यामुळे पाकिटाचं काही नाही, सेवा म्हणून यायचं. फराळाची व्यवस्था मात्र एकदम उत्तम.”

मी सहज विचारलं, मंडप कुणाचा, साऊंड कुणाचा. त्यांनी नावं सांगितली. “तेही सेवेतच?” “छे हो, त्यांना द्यावेच लागतात. त्यांचा धंदा आहे तो.” माझा आवाज त्यांना जरा कोरडा वाटला असावा. फोन ठेवता ठेवता त्यांनी माझी समजूत घातली. “सर, कला म्हणजे तरी काय, वारीच की! वारकरी कधी पैसे मागतो का?”

या वाक्याला मला धड नाही म्हणता येत नाही, ही माझी पंचाईत आहे. कला म्हणजे वारी हे मला मनापासून पटतं. व्यासपीठावरून हे वाक्य दरवर्षी आठ-दहा वेळा तरी ऐकतो आणि दर वेळी मान डोलावतो. पण ते बोलणाऱ्यांतल्या बहुतेकांनी वारी रस्त्याच्या कडेला उभं राहून पाहिलेली असते, पुण्यात पालखी येते तेव्हा, मोबाईल वर धरून. आतली वारी कशी चालते हे माहीत असतं तर कलाकाराला फुकट बोलावताना हा दाखला कुणी दिला नसता.

आधी साम्याचं बोलतो, कारण ते खरं आहे आणि वाटतं त्याहून खोल आहे.

यात्रा वेगळी आणि वारी वेगळी. काशीयात्रा जन्मात एकदा व्हायची. सुखरूप परत आलं की मावंदं घालायचं, चार माणसं जेवू घालायची, विषय मिटला. वारीला मावंदं नाही. वारी म्हणजे मुळातच फेरी, पुन्हा पुन्हा जाणं. यंदा विठोबा पाहिला म्हणून माळकऱ्याला पुढच्या वर्षी सुटी मिळत नाही. आणि पाहिला म्हणजे तरी काय? अडीचशे किलोमीटर चालत गेलेली कितीतरी माणसं दर्शनाच्या बारीत उभीच राहत नाहीत. चंद्रभागेत बुडी मारतात, नामदेव पायरीवर डोकं टेकतात, कळसाकडे बघून हात जोडतात आणि एसटी स्टँड गाठतात. मूर्ती दिसली नाही म्हणून वारी फुकट गेली असं त्यांतला एकही जण म्हणत नाही.

कलेबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा यात्रेची भाषा बोलतो. शिखर, ध्येयपूर्ती, साक्षात्काराचा क्षण, एक अजरामर कलाकृती. प्रत्यक्षात कलाकाराचा जन्म जातो वारीत. ‘धा धा तिट धा धा तिं ना’ हा दिल्ली घराण्याचा कायदा, म्हणजे तबल्यावर घोटायची एक ठरलेली बोलरचना, माझ्या गुरुजींनी मला नवव्या वर्षी दिला. आज मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे आणि आज सकाळीही तोच वाजवत बसलो होतो. लय चढवली की ‘तिट’मधला ‘ट’ अजूनही कधी कधी पोटात जातो. अडतीस वर्षं एकच रस्ता, तरी तो पाठ झाला असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. मी मोठा कलाकार नाही म्हणून असं होतं असं वाटायचं. पण ज्यांच्या पायांशी बसलो तेही म्हातारपणी पहाटे उठून हेच करत होते.

आमच्या धंद्यातले शब्दच बघा. तबलजी चाळीस दिवस कोंडून घेऊन रियाज करतात त्याला चिल्ला म्हणतात. हा शब्द सूफींच्या चाळीस दिवसांच्या एकांतसाधनेतून आला. दर्ग्यात किंवा देवळात बिदागी न घेता गायला बसतात त्याला हजेरी लावणं म्हणतात. मिरजेला ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. तिथे उरुसात गायला मिळावं म्हणून भलेभले गायक लांबून येतात आणि एकही जण ‘कार्यक्रम केला’ असं म्हणत नाही. हजेरी लावली म्हणतो. खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व. त्यांच्या दारात कुंदगोळला जाऊन पोचले भीमसेन जोशी. १९३३ साली, अकराव्या-बाराव्या वर्षी, ते गुरू शोधायला घरातून पळाले होते. बिनतिकीट रेल्वेतून, डब्यात गाणी म्हणत, ग्वाल्हेर, कलकत्ता, जालंधर असं फिरत. पुढे याच माणसाच्या तोंडून महाराष्ट्राने ‘संतवाणी’ ऐकली. दर्ग्यातली हजेरी आणि पंढरीची वाट या दोन्ही एकाच गळ्यात येऊन मिळाल्या त्या अशा.

मिरजेचंच आणखी एक. तिथल्या सतारमेकर गल्लीत तंबोरे होतात. कारागीर शिकलगार समाजाचे, म्हणजे पूर्वजांचं काम हत्यारांना धार लावण्याचं. एकोणिसाव्या शतकात हा समाज वाद्यांकडे वळला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या तंबोऱ्याचा भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने, भीमेच्या काठच्या रानांतून. कडू भोपळा, वेलावर मोठा होऊ द्यायचा, वाळवायचा, कापायचा, भिजवून आकाराला आणायचा. म्हणजे ज्या नदीत वारकरी बुडी मारतो तिच्याच काठी वाढलेलं फळ पोकळ होतं आणि त्याच्यात षड्ज घुमतो. मी एकदा त्या गल्लीत तंबोरा जवारीला, म्हणजे तारांचा नाद खुलवून घ्यायला, दिला होता. कारागिराने घोडीवर तारेखाली दोरा सरकवत, कान तारेला लावून, तासभर एकच तार छेडली. मी कंटाळलो, तो कंटाळला नाही.

तेव्हा साम्य हवं तेवढं आहे. आता वारीच्या आत जाऊ.

माझे मामा साताऱ्याकडचे, माळकरी. काही वर्षांपूर्वी मी त्यांच्या दिंडीबरोबर आळंदीपासून लोणंदपर्यंत चाललो. पायांना फोड येतील का, पाऊस गाठेल का, दिवेघाट झेपेल का, या काळज्या घेऊन मी आळंदीत पोचलो. मामांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पहिला प्रश्न केला, “भिशी भरलीस का रं?”

भिशी म्हणजे दिंडीत प्रत्येकाने भरायची वर्गणी. दिंडीचालकाकडे वही असते, तिच्यात नाव आणि रक्कम. त्यातून शिधा, गॅस, आचारी, सामानाचा ट्रक, पाण्याचा टँकर, राहुट्या. ट्रक पुढे जाऊन मुक्कामावर राहुट्या ठोकून ठेवतो. आपण पोचतो तेव्हा चहा उकळत असतो. ज्याला भिशी जमत नाही तो मोकळा चालतो, गावोगावच्या पंगतींत जेवतो. त्याला कुणी कमी लेखत नाही. पण दिंडी म्हणून जी काही गोष्ट आहे ती हिशोबावर उभी असते. मामा रात्री अभंगाला बसायच्या आधी वही मिटवत. मी हसलो तर म्हणाले, “अरं, पोटात नसलं तर टाळ कोण वाजवणार?”

वाटेवर पाहिलेली दुसरी गोष्ट, विणा. विणेकऱ्याच्या गळ्यातला विणा जमिनीला टेकत नाही. एक दमला की दुसरा पुढे येतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात, विणा या गळ्यातून त्या गळ्यात जातो आणि पहिला माणूस बाजूला होऊन तंबाखू मळायला मोकळा. जेजुरीच्या अलीकडे मी हे अगदी दोन हातांवरून पाहिलं. साठीचा एक विणेकरी होता, त्याच्या खांद्यावर पट्ट्याचा काळपट वळ पडला होता. विणा घेणारा पोरगा विशीतला, जीन्सवर सदरा. म्हाताऱ्याने त्याच्या पायाला हात लावला तेव्हा पोरगं गोंधळलं नाही. त्याने त्याच्या पायाला हात लावला आणि चालायला लागलं. एकट्याने अखंड पेलायचं असतं हा कलाकाराच्या डोक्यात भरवलेला भ्रम वारीत कुणालाच नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत जास्त आवडते, आणि कलेच्या सभा-संमेलनांत तिचं नाव कुणी काढत नाही. संध्याकाळची समाजआरती. माउलींची पालखी तळावर येते, दिंड्या भोवतीने उभ्या राहतात, हजारो टाळांचा एकच कल्लोळ चाललेला असतो. चोपदार दंड वर करतात आणि आरोळी ठोकतात. क्षणात सगळं शांत. आणि मग त्या शांततेत कुठल्या तरी कोपऱ्यात एखाद्या दिंडीचे टाळ वाजतच राहतात. याचा अर्थ, त्या दिंडीची तक्रार आहे. पाणी मिळालं नाही, जागा दुसऱ्याने बळकावली, कुणी क्रम मोडला. चोपदार स्वतः तिथे जातात, ऐकून घेतात, निवाडा करतात किंवा करण्याचं कबूल करतात. तेव्हा टाळ थांबतात. मग काय हरवलं, काय सापडलं ते सांगितलं जातं, दुसऱ्या दिवशी किती वाजता निघायचं ते सांगितलं जातं, आणि त्यानंतर आरती. आधी गाऱ्हाणं, मग देव. ही शिस्त एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी घालून दिली. ते ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरचे सरदार. (जाता जाता: महाराष्ट्रात ख्याल रुजवला तो बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी, आणि त्यांची तालीमही ग्वाल्हेरच्याच परंपरेतली. पालखीची शिस्त आणि ख्यालाची शिस्त दोन्ही एकाच गावाहून आल्या, याचा मला उगाच आनंद होतो.)

आता सांगा, या वारीतलं काय काय आपण कलेला लावतो? अनवाणी पाय लावतो. निरपेक्षता लावतो. ‘मागणं नाही’ हे तर हमखास लावतो. आणि भिशी, ट्रक, राहुटी, विणा घ्यायला पुढे येणारा दुसरा खांदा, तक्रार ऐकायला चालत येणारा चोपदार, हे सगळं दिवेघाटाच्या अलीकडेच ठेवून देतो.

सेवा या शब्दाचा इतिहासही जरा तपासून घ्यावा. गोव्यातल्या देवळांशी बांधलेल्या कलावंत स्त्रिया शतकानुशतकं देवापुढे गायल्या, नाचल्या. त्यालाही सेवाच म्हणत. त्या सेवेच्या मागे जन्माने लादलेलं बंधन होतं, आणि देवळाबाहेर धनिकांच्या मर्जीवर जगणं होतं. त्यातून केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकरांसारख्या गायिका निघाल्या हे खरं. पण त्यामुळे ती प्रथा चांगली ठरत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच समाजातल्या माणसांनी ती मोडायला घेतली, कारण सेवा शब्दाखाली काय चालतं ते त्यांनी घरात पाहिलं होतं. नाही म्हणायची मुभा असेल तिथेच सेवा हा शब्द शोभतो. मिरजेच्या दर्ग्यात गायक आपणहून जातो. सोसायटीच्या सेक्रेटरीने फोनवर माझी सेवा परस्पर ठरवायची, हा प्रकार निराळा.

कुणी म्हणेल, संतांनी पैशाला हात लावला होता का? विष्णुबुवा पलुस्करांचं काय, ते तर परम रामभक्त. मी म्हणतो, त्यांचंच बघू. बाळकृष्णबुवांचे हे शिष्य मिरजेहून निघाले, देशभर फिरले, आणि तिकीट लावून जाहीर मैफली करणाऱ्यांच्या पहिल्या पिढीत गणले गेले. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. गाणारा माणूस कुणाच्या हवेलीत पानाच्या ताटाशेजारी बसून खूश करणारा उरू नये, त्याला समाजात मान मिळावा, हा त्यांचा ध्यास होता. पुढे संस्थेच्या कर्जापायी मुंबईची इमारत गेली, उतारवय नामस्मरणात गेलं. भक्ती आणि तिकीट यांत त्यांना काही वावगं वाटलं नाही.

आणि संतांचं म्हणाल तर जवळजवळ प्रत्येकाला धंदा होता. गोरोबा मडकी करत, सेना महाराज हजामत करत, सावतोबांचा अरणला मळा होता. विठ्ठलाच्या नावाने गोरोबांनी गावाला फुकट मडकी पुरवली असं कुठल्या कथेत नाही. सावतोबा तर पंढरपूरला गेलेच नाहीत असं सांगतात. कांदा, मुळा, भाजी यांतच त्यांची विठाबाई. ‘तीर्थीं धोंडा पाणी’ असं स्वतः वारी करणारे तुकोबा म्हणाले, तेव्हा चालण्याचा अहंकारही या परंपरेला खपत नाही.

पण मला सगळ्यांत जवळची कथा नरहरी सोनाराची. ती सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त आपण तिचा शेवट सांगतो आणि सुरुवात विसरतो. नरहरी शैव, पंढरपुरात राहूनही विठ्ठलाचं तोंड न पाहणारे. एका सावकाराने नवस फेडायला विठ्ठलासाठी सोन्याचा करदोटा करायला दिला. म्हणजे काम मिळालं. माप सावकाराने आणून दिलं. करदोटा झाला, घालून पाहिला तर आखूड. दुरुस्त केला तर लांब. शेवटी गिऱ्हाईक नाराज होऊ नये म्हणून नरहरी डोळ्यांवर पट्टी बांधून देवळात गेले आणि हातांनी चाचपून माप घ्यायला लागले. हाताला व्याघ्रांबर लागलं, गळ्यात नाग लागला. पट्टी काढावी तर समोर विठ्ठल. पुन्हा बांधावी तर हाताला शंकर. सगळा साक्षात्कार झाला तो पैसे घेऊन केलेल्या, माप चुकलेल्या आणि चोख करून द्यायच्या एका ऑर्डरच्या निमित्ताने. कलाकाराला देव भेटतो तो बहुधा इथेच भेटत असावा, माप बरोबर यावं या धडपडीत. बिदागी घेतल्याने त्याची पवित्रता उणी होते असं नरहरींना कुणी सांगितलं असतं तर त्यांनी बहुधा गुंजा तोलत वर पाहिलंही नसतं.

आता सरकारकडे वळतो. हा भाग मी थोडक्यात उरकणार आहे, कारण सरकारला नावं ठेवणं सोपं आहे आणि खरा दोष आपल्याकडे जास्त आहे. वारीची वाट सरकारला कळली, हे मान्य करावं लागेल. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये पालखी मार्गांच्या कामाचं भूमिपूजन झालं, त्यात चालणाऱ्यांसाठी स्वतंत्र पदपथ आहे. २०२४ मध्ये दिंडीमागे २० हजार रुपयांचं अनुदान जाहीर झालं. पाणी, फिरते दवाखाने, शौचालयं, हे सगळं वाटेवर. म्हणजे पंढरपुरात पोचलेल्या एका माणसाला मोठं बक्षीस द्यावं आणि बाकीच्यांनी आपापलं बघावं, असा विचार वारीच्या बाबतीत कुणी केला नाही. कलेच्या बाबतीत मात्र नेमका तोच केला. महाराष्ट्र भूषण पुरस्काराची रक्कम २५ लाख आहे, आणि ज्यांना मिळाला ते सगळे थोर आहेत. दुसऱ्या टोकाला ज्येष्ठ कलावंतांना महिना पाच हजारांचं मानधन, तेही पन्नाशी उलटल्यावर आणि उत्पन्न अगदी तुटपुंजं असल्याचं दाखवल्यावर. एक कळसाला, एक परतीच्या एसटीला. मधल्या अडीचशे किलोमीटरवर काय आहे?

मधल्या वाटेवर एकविसाव्या वर्षी नोकरी धरू की रियाज, हे ठरवता न येणारी पोरं आहेत. नाटकवाल्यांना तालमीला जागा नाही. कुणाच्या गच्चीवर, कुणाच्या वर्गात, दहाच्या आत आवाज बंद. माझ्या माहितीतली एक गाणारी मुलगी भाड्याच्या खोलीत उशीत तोंड घालून ताना घोटते, शेजारी तक्रार करतात म्हणून. महापालिकेच्या शाळा संध्याकाळी सहानंतर कुलूपबंद असतात. त्यांतल्या दोन-दोन खोल्या, एक वॉचमन आणि एक नोंदवही, इतक्यावर शंभर मुक्काम उभे राहतील. पूर्वी आपल्याकडे वार लावून जेवायची पद्धत होती. गरीब विद्यार्थ्याला सात घरं सात वार वाटून घेत. सोमवारी जोश्यांकडे, मंगळवारी आणखी कुणाकडे. त्यात मिंधेपणा होता, जातही होती, ती पद्धत परत यावी असं मी म्हणणार नाही. पण शिकणारा माणूस दीर्घ वाटेवर आहे आणि त्याच्या एका मुक्कामाचं ओझं आपण उचलायचं, ही समज त्यात होती. आज आपण त्याला एकदम स्टेजवरच भेटतो, शाल-श्रीफळ घेऊन. माझ्या कपाटात शाली इतक्या झाल्यात की बायको दिवाळीला त्यांच्या गोधड्या शिवून घ्यायच्या म्हणते.

याला एक आक्षेप आहे, आणि तो वजनदार आहे. वारकऱ्याची वाट ठरलेली असते. सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण, माळशिरस, वाखरी. कुठल्या तिथीला कुठे, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. कलाकाराच्या वाटेला असा नकाशा नसतो. तो पोचेल की नाही, कुठे पोचेल, त्याने धरलेली दिशा कुणाला पटेल की नाही, काहीच माहीत नसतं. मग समाजाने कशावर पैसे लावायचे? मी या आक्षेपापुढे थोडा नमतो. प्रत्येक उपटसुंभ ‘मी साधक’ म्हणून वही पुढे करेल, हेही दिसतं. पण वारीने याचंही उत्तर शोधून ठेवलं आहे. बरड आणि नातेपुत्याच्या बाया पिठलं-भाकरी वाढताना समोरच्याची भक्ती मोजत नाहीत. कुणी मजेखातर आलेला असतो, कुणी घरच्यांवर रुसून, कुणी नुसता फुकट जेवायला. तेही त्यांना समजतं. त्यांनी चालणाऱ्याला जेवू घालायचं ठरवलेलं असतं, संताला नव्हे. शंभरांत दोघे-चौघे खरे निघतात आणि ते कुठले हे आधी ओळखायची सोय नाही, म्हणून शंभरांना वाढायचं.

दाराचा प्रश्न मात्र वारीकडून शिकण्यासारखा नाही. किंवा असं म्हणू, वारीची चूक पाहून शिकण्यासारखा आहे. चोखोबांची समाधी नामदेव पायरीसमोर आहे, देवळाबाहेर. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं तेव्हा दलितांना ते दार उघडलं. इरावती कर्वे वारीत चालल्या तेव्हा एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे वेगळ्या पंगतीत जेवतात हे त्यांना खुपलं आणि त्यांनी ते लिहून ठेवलं. रस्त्यावर सगळे माउली आणि पंगतीत वेगवेगळे. कलेच्या प्रांतातही आम्ही एकमेकांच्या पाया पडतो, सूर जातपात जाणत नाही म्हणतो. मग शास्त्रीय मैफलीच्या पहिल्या रांगेत कोण असतं आणि संबळ, हलगी, दिमडी वाजवणारा कुठे उभा असतो, हे पाहिलं की कळतं. देवाच्या कार्यक्रमाला म्हणून हलगीवाल्याला जेवढे देतात तेवढ्यात माझी रिक्षा होत नाही. त्याला तर कुणी ‘सेवा म्हणून या’ असंही म्हणत नाही. सरळ ‘ये’ म्हणतात.

आणि परतवारीचं राहिलंच. पौर्णिमेला गोपाळकाला झाला की पालखी उलटी फिरते. जाताना जिला अडीच-तीन आठवडे लागले ती वाट येताना दहा-अकरा दिवसांत कापतात. ना रिंगण, ना गर्दी, ना वाहिन्यांचे कॅमेरे. मूठभर माणसं, भिजलेले रस्ते. मामा दोनदा परतवारीला गेले आहेत. ते सांगतात, खरी चाल तिथे कळते, कारण कुणी बघत नसतं. आमच्याकडे परतवारी म्हणजे कार्यक्रमानंतरची रात्र. टाळ्या संपतात, सतरंज्या गुंडाळल्या जातात, आणि तबल्याच्या दोन पिशव्या खांद्यांना लावून मी गेटपाशी रिक्षाची वाट बघत उभा असतो. त्या वेळी आयोजकांपैकी कुणी विचारायला आलंय, “सर, जायची सोय काय?” असं वर्षातून एखाद्या वेळी होतं. ज्याने विचारलं त्याचं नाव लक्षात राहतं.

सोसायटीच्या त्या गृहस्थांना मी दोन दिवसांनी उलटा फोन केला. म्हटलं, “सेवा म्हणूनच येतो. पाकीट नको. फक्त भिशी मंडळाने भरायची.”

“भिशी? म्हणजे आमची बायकांची असते ती?”

मी समजावून सांगितलं. गाणारी मुलगी, पेटीवाला, पखवाजी आणि मी, अशी चौघांची दिंडी. साऊंडवाल्याला जेवढे देताय तेवढेच आम्हा चौघांत मिळून द्या, आणि रात्री मुलीला घरी सोडायला गाडी. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाले, “कमिटीत टाळ वाजवावे लागतील सर. बघतो.” म्हणजे त्यांना समाजआरती ठाऊक होती, मी उगाच त्यांना रस्त्याकडेचा समजत होतो.

एकादशी नऊ दिवसांवर आली आहे, कमिटीचा निरोप अजून नाही. परवा तबल्याची पुडी बदलून आणली. नवी शाई जरा कडक बोलते, हात बसायला वेळ लागतोय. सकाळी तोच कायदा, विलंबितापासून.